फक्कीचं घर

या, बसा. बुटांच्या चिखलाचं मनावर घेऊ नका, फरशी पुसता येते. लाइट आत्ताच गेली, म्हणजे आता तासाभराची निश्चिंती. हा दिवा पुरेल आपल्याला. मी उभीच बरी आहे. एकदा बसले की हा गुडघा लवकर उठू देत नाही.

पुढच्या मोकळ्या प्लॉटचं विचारायला आलात ना? या गल्लीत अनोळखी माणूस आला की त्यासाठीच येतो. विकायचा आहे की नाही ते शेवटी सांगते. आधी मी तो कसा घेतला ते ऐका, म्हणजे उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

माझा धंदाच जागा बघण्याचा. बँका कर्ज देण्याआधी एका माणसाला जागा पाहून यायला सांगतात, तो माणूस म्हणजे मी. आता निवृत्त झाले, पण सारी उमर लोकांच्या भिंती ठोकून पाहण्यात गेली. आणि स्वतः राहायचे भाड्याच्या घरात, जिथे कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं. आई मला चिडवायची, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं म्हणायची नाही, नुसती हसायची. लग्न मी केलं नाही. आम्ही दोघीच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं चाललेलं.

आई थकली तशी तिने एकच धोशा लावला. "शेवटी तरी डोक्यावरचं छप्पर आपलं असू दे गं. दुसऱ्याच्या घरात डोळे मिटायचे म्हणजे पाहुणं असताना मरण्यासारखं आहे." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिच्या हृदयाचं काही खरं नाही. म्हणजे जागा हवी होती, आणि लवकर हवी होती. मी दोन-तीन ठिकाणं काढली, तिने ती न बघताच नाकारली. "पूर्वी शेतं होती ना, त्या बाजूला बघ," एवढंच म्हणाली. त्या बाजूला आता सगळी घरं झालेली. मोकळा असा हा एकच प्लॉट उरला होता.

आमच्या घरात जागा बघण्याची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. हातांना कायम यंत्राच्या तेलाचा वास. त्यांचा छंद एकच, सुट्टीच्या दिवशी प्लॉट बघायला जायचं. घ्यायची ऐपत नव्हती, पण म्हणायचे, "बघायला कुणाच्या बापाची परवानगी लागते?" सायकलला एक पिशवी अडकवलेली असे. त्यात फक्की. मैदानावर पांढऱ्या रेषा मारतात ना, ती भुकटी. जागा पसंत पडली की वडील पावलांनी अंतर मोजत तिथे अख्खं घर आखायचे. कागदावर नाही, जमिनीवर, खऱ्या मापाचं. पुढे बाहेरची खोली. तिच्या मागे डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे छोटी खोली. छोटी खोली माझी. स्वयंपाकघराच्या खिडकीत आईला बसायला कट्टा, तिथे ते दोन विटा मांडायचे. स्वयंपाकघराला मागचं दार होतं, म्हणून मी हट्ट धरला की माझ्याही खोलीला मागचं दार पाहिजे. वडिलांनी लगेच रेषेवरची फक्की पायाने सारून दार केलं. म्हणाले, "मंजूर!"

प्रत्येक प्लॉटवर घर हेच. आणि प्रत्येक वेळी वाकडं. वडिलांचा डावा पाय जरा आखूड होता, त्यामुळे पावलं टाकत गेले की भिंत हळूहळू डावीकडे कलायची. आई म्हणायची, "तुमच्या घरात माणूस सरळ झोपला तरी सकाळी तिरका उठेल." वडील म्हणायचे, "माणूस सरळ असला म्हणजे झालं."

मग आम्ही संध्याकाळभर त्या घरात राहायचो. आई कट्ट्यावर बसून थर्मासमधला चहा ओतायची. मी माझ्या खोलीत पाढे पाठ करायची. वडील बाहेरच्या खोलीत मांडी घालून, मांडीवरच बोटांनी टाइप करायचे. टिक टिक टिक टिक... आणि ओळ संपली की जिभेने घंटी वाजवायचे, "टिंग!" मी खदखदून हसायची. खरं सांगते, मी पुढे कितीतरी चांगल्या घरांत राहिले, पण एवढी सुखी पुन्हा कुठल्याच घरात नव्हते.

त्या घराचे दोन नियम होते. पहिला, ये-जा दारातूनच करायची. रेषा ओलांडायची नाही. मी विसरले तर वडील घाईने माझ्या कपाळावर हात धरायचे, "अगं, डोकं आपटेल!" आई थर्मास आणायलासुद्धा पुढच्या दाराने वळसा घालून जायची. दुसरा नियम निघतानाचा. सगळे बाहेर आले की वडील उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, "आत कोणी राहिलं का?" आम्ही दोघी ओरडायचो, "कोणी नाही!" मग ते उंबऱ्यापासून सुरुवात करून सगळ्या रेषा पायाने पुसून टाकायचे. मी एकदा विचारलं, एवढं छान घर पुसायचं कशाला? तर म्हणाले, "आखलेलं घर तसंच सोडून जाऊ नये, बाळ. बिचारं खोळंबून राहतं."

असो. तर हा प्लॉट बघायला मी गेले ती उतरत्या उन्हाची वेळ होती. आई गाडीत बसून राहिली, मांडीवर काठी आडवी धरून. मी टेप काढली. पुढे मोठा रस्ता, मागे ही आपली गल्ली, एका बाजूने उघडं गटार. माती चांगली. पाणी साचल्याची खूण नाही. कागदपत्रं मी आधीच पाहिली होती, आरशासारखी स्वच्छ. माझ्या धंद्यात एवढं स्वच्छ काही दिसलं की संशय येतो. चारी बाजूंना घरं दाटली असताना ही एकच जागा इतकी वर्षं मोकळी राहते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तेवढ्यात रस्त्यावरून एक बाई हातात पिशवी घेऊन प्लॉटमध्ये शिरली. मागच्या गल्लीत जायला हा जवळचा रस्ता, त्यात नवल काही नाही. नवल तिच्या चालण्याचं होतं. ती कोपऱ्यातून तिरकी गेली नाही. बरोबर मध्यावरून आत आली, थोडं सरळ चालली, काटकोनात डावीकडे वळली, पुन्हा सरळ, मग एका जागी अंग चोरून छोटा वळसा घातला आणि मागे निघून गेली. तिच्यामागून एक सायकलवाला आला. तोही तसाच. मग शाळेच्या मुली आल्या, त्या उजवीकडे वळल्या, आणि त्यांनीही काटकोन सोडला नाही. मोकळ्या जमिनीवर गवतातून पायवाट उमटली होती, आणि ती एखाद्या घरात फिरावं तशी वळत होती.

समोर शिंप्याचं दुकान आहे, पाहिलं असेल तुम्ही. तो मशीनवरून मजा बघत होता.

"दिसलं ना तुम्हाला पण?" तो म्हणाला. "विचारा त्यांना. म्हणतील, सरळच तर आलो."

"मग वळतात कशाला?"

"ते मला काय ठाऊक! मी दुकान टाकलं तेव्हापासून हे असंच. घ्यायला येतात लोक. जागा आवडते, हवा आवडते. थोडं आत जातात आणि चपला हातात घेऊन परत येतात."

"घाबरून?"

"घाबरून कसलं... ओशाळून." त्याने दोरा तोडला. "एक गृहस्थ मला म्हणाले, कुणाच्या तरी घरात न विचारता घुसल्यासारखं वाटलं हो."

मी हसले. तीस वर्षं हा धंदा केलेल्या बाईला असली कारणं पुरत नाहीत. मी परत आले आणि मुद्दाम वाट सोडून गवतातून सरळ निघाले. चारच पावलं टाकली असतील. माझा हात आपोआप वर गेला आणि मी स्वतःचं कपाळ झाकलं.

तशीच उभी राहिले. समोर काही नव्हतं. गवत होतं, गवतावर ऊन होतं. पण पाय पुढे पडेना.

मग मी मागे फिरले आणि जिथून सगळे येत होते तिथून आत शिरले. बाहेरची खोली. तिथून वाटेला दोन फाटे. डावीकडचा स्वयंपाकघरातून, उजवीकडचा छोट्या खोलीतून, दोन्ही आपापल्या मागच्या दारांनी बाहेर. मी टेप लावली, कारण टेपला आई-वडील नसतात. प्रत्येक सरळ वाट डावीकडे कलत होती. थोडी थोडी, पाऊल पडेल तशी. आखूड पायाच्या माणसाने आखल्यासारखी.

आमचा शेवटचा प्लॉट हाच होता. मी लहान होते, आजूबाजूला शेतं होती, मला ओळखूच आला नाही. त्या संध्याकाळी वडील नेहमीसारखे टाइप करत होते आणि मध्येच थांबले. स्वयंपाकघरात आले, आईच्या कट्ट्यावर टेकले, म्हणाले, "जरा बसतो." छातीवर हात होता. पावाची गाडी चालली होती, तिला आईने हात केला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ते काही परत आले नाहीत. त्या गडबडीत आत कोणी राहिलं का, हे विचारायला कोणी नव्हतं. पुसायला कोणी नव्हतं. फक्की तर पहिल्याच पावसात वाहून गेली असेल. घर तसंच राहिलं.

मी स्वयंपाकघरात उभी होते. ऊन गेलं होतं, आजूबाजूच्या घरांत दिवे लागत होते. सगळे लोक ज्या जागी अंग चोरून वळसा घालत होते ती जागा माझ्यासमोर होती. खिडकीचा कट्टा. तिथलं गवत उंच वाढलेलं, कुणाचाच पाय न लागलेलं. आणि तिथून वास आला... यंत्राच्या तेलाचा. थंड, जड, जुना वास. मग अगदी बारीक आवाज. टिक टिक टिक टिक... शिंप्याचं मशीन असेल म्हणून मी वळून पाहिलं. दुकानाचं दार बंद झालं होतं.

"टिंग!"

मी किंचाळले नाही. मला रडू आलं. भीती त्याच्या मागून आली.

कारण मी गाडीकडे पाहिलं, तर दार उघडं होतं आणि सीटवर नुसती काठी होती. आई रस्त्याकडून येत होती. काठीशिवाय दोन पावलं न टाकणारी माझी आई सरळ, सावकाश चालत आली. बरोबर मध्यावर थांबली. उंबऱ्याशी चपला काढल्या. बाहेरच्या खोलीतून डावीकडे वळली आणि माझ्या शेजारून, मला न बघता, कट्ट्यापाशी जाऊन खाली बसली.

"केव्हाचे असेच बसलात?" ती हळूच म्हणाली. "दिवे लागले की सगळीकडे."

मग ती थांबली. कुणाचं तरी ऐकावं तशी. मान हलवली.

"आणलंय ना तिला. मोठी झाली. खूप शिकली..." पुन्हा थांबली, आणि हसली. "हट्टी आहे. तुमच्यावर गेलीय."

"आई," मी म्हणाले. "आई, चल... अंधार पडतोय."

"तू हो पुढे. मी जरा बसते."

जरा बसते. त्या संध्याकाळी याच कट्ट्यावर टेकताना वडीलही हेच म्हणाले होते. मला कळून चुकलं की ही आता उठणार नाही. ओढून न्यावं म्हटलं तर हात लावायची हिंमत नव्हती, कारण तिच्या शेजारचं गवत दबलेलं होतं. मग मला सुचलं ते एवढंच. मी पुढच्या दाराने बाहेर गेले, उंबऱ्याबाहेर वडील उभे राहायचे तिथे उभी राहिले, आणि विचारलं.

"आत कोणी राहिलं का?"

कुठल्याशा घरातला रेडिओ तेवढा ऐकू येत होता. मग आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली. नाखुशीने, पण उठली. त्या घराचा नियम तिने कधी मोडला नव्हता. बाहेर आली, चपला घातल्या, आणि माझ्या शेजारी उभी राहून लहान मुलीसारखी म्हणाली, "कोणी नाही."

आणि आतून आवाज आला, "टिंग."

मी उंबरा पुसायला पाय उचलला. तिथे पुसायला काही नव्हतं, तरी उचलला. आईने माझा दंड धरला. एवढी ताकद तिच्या हातात कुठून आली कोण जाणे.

"पुसू नकोस. मग ते कुठे जातील?"

मी पाय मागे घेतला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "घे ही जागा. आपलंच घर आहे." मी घेतली. जागा बघणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कशाचाही भाव न करता जागा घेतली.

घर काही बांधून झालं नाही. नकाशा काढणारा म्हणाला, भिंती सरळ घेऊ या. मी म्हटलं, थांबा जरा. त्या थांबण्यातच आई गेली. भाड्याच्याच घरात. दुपारची वेळ होती. मला म्हणाली, खिडकीशी जरा बसते. मी चहा घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. तिची इच्छा माझ्याकडून पुरी झाली नाही, असं वाटून मी किती दिवस नुसती जळत होते.

मग एकदा शिंप्याने हाक मारली. "ताई, एक गंमत बघा." प्लॉटवरची वाट बदलली होती. डावीकडचा फाटा गवताने भरून गेला होता. स्वयंपाकघरातून कोणीच जाईना. सगळे उजवीकडे वळून छोट्या खोलीतून जायला लागले होते. आई कोण, कधी गेली, यातलं त्या लोकांना काही ठाऊक नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून पोटभर रडले, आणि खरं सांगते, त्यानंतर माझी तगमग थांबली. आई आपल्या घरी पोचली होती.

तेव्हा ही मागची खोली भाड्याने घेतली, जवळ असावी म्हणून. रोज सकाळी तिकडे जायचे. पुढच्या दाराने, चपला काढून. माझ्या छोट्या खोलीतून शाळेच्या मुली हसत-खिदळत जायच्या. मला बरं वाटायचं. म्हणायचे, माझ्या खोलीतून लोकांची ये-जा आहे तोवर मला काही घाई नाही. गुडघ्याने दगा दिल्यापासून मात्र तिकडे जाणं झालेलं नाही.

तर विकायचा नाही. नाराज होऊ नका. आता मला एक सांगा. गाडी तुम्ही पुढच्या रस्त्यावरच लावलीत ना? मग प्लॉटमधून यायचं सोडून गटाराच्या कडेने कशाला आलात? चिखल गटाराचाच आहे, वास येतोय. छोट्या खोलीचं मागचं दार तर थेट माझ्या जिन्याशी निघतं...

सगळे तिकडूनच येत होते, म्हणून तुम्हीही आलात?

शाळेच्या मुलीसुद्धा?

आणि प्लॉटमध्ये वाट दिसली नाही तुम्हाला कुठेच? उजवीकडेही नाही? गवत... एवढं वाढलंय?

नाही, नाही, काही होत नाही मला. उठू नका तुम्ही. तो दिवा तेवढा जवळ घ्या, वात मोठी करा. लाइट येईलच आता. आणि ती खुर्ची द्या इकडे, मी पण जरा बसते.